बेहड्यातली बाळंतीण

मी एका पक्षिणीला कैदेतून सोडवलं. ती कैदेत नव्हती.

हे मला नंतर शिरस्तेदारांनी सांगितलं, काकूंनी सांगितलं, गोमाबाईनं सांगितलं, आणि खुद्द पक्षिणीनं तर माझ्या उजव्या हाताच्या बोटावर लिहूनच दिलं. ते अजून वाचता येतं. थंडीत जरा जास्त ठळक दिसतं.

पण गोष्ट माझी नाही, शिरस्तेदारांची आहे. त्यांच्या आयुष्यात मी जसा नको त्या वेळी घुसलो, तसाच इथंही पहिल्याच ओळीत घुसलो आहे, इतकंच.

शिरस्तेदार म्हणजे कचेरीतून पेन्शन घेऊन कर्जतला येऊन राहिलेले गृहस्थ. तीस वर्षं लोकांच्या फिर्यादी, जबाब, पंचनामे लिहून त्यांच्या हाताला अशी सवय लागली होती की पेन्शनीत गेल्यावरही हात थांबेना. माणसं लिहायला मिळेनात तेव्हा ते पाखरांकडे वळले. रोज सकाळी ओटीवर पाट मांडून, दौत-टाक पुढ्यात घेऊन ते परसातल्या पक्ष्यांची हजेरी घेत.

"भारद्वाज?" असं ते खरोखर मोठ्यानं विचारत. कुंपणातून हूप-हूप आलं की म्हणत, "हजर." मग, "खंड्या?" विहिरीकडे शांतता. "खंड्या गैरहजर. कारण?"

कारण कोण देणार? ते काकूंकडे पाहत. काकू म्हणजे त्यांचं कुटुंब. तांदूळ निवडता निवडता त्या म्हणत, "मावशीकडं गेलाय त्याच्या."

हे मात्र शिरस्तेदार लिहीत नसत. ऐकीव गोष्ट ते जन्मात लिहीत नसत. 'कारण अज्ञात' असं लिहीत आणि शाई वाळेपर्यंत काकूंकडे रागानं पाहत. त्या माणसाच्या दफ्तरात हसण्यासारखं पुष्कळ होतं, खोटं एक अक्षर नव्हतं. "नोंद झाली की अर्धं रक्षण झालं," असं ते म्हणत. उरलेलं अर्धं कसं करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी आमची मंडळी काढली.

पक्ष्याला ते पाठ दाखवत नसत. साहेबाच्या खोलीतून जसं तोंड साहेबाकडे ठेवून तीन पावलं मागं चालत बाहेर यायचं, तसेच ते बुलबुलासमोरूनही मागं सरत. आता कचेरीत मागं उंबरठा असतो. शेतात बांध असतात, विहिरी असतात. उल्हास नदीच्या काठी एकदा खंड्यासमोरून असे मागं सरत सरत ते डोहात गळ्यापर्यंत गेले. दोघातिघांनी त्यांना ओढून वर काढलं, तर पहिला प्रश्न, "तो आधी उडाला की मी आधी पडलो?" कुणाला सांगता येईना. ती नोंद तशीच अर्धी राहिली, आणि त्याची रुखरुख त्यांना पुढं कित्येक महिने होती.

बिबट्यानं त्यांची दुभती शेळी नेली, तेव्हा दफ्तरात आलं ते असं: 'फिर्यादी, शेळी. जबाब देण्यास गैरहजर.' स्वयंपाकघरात नाग निघाला, तेव्हा ते टेप घेऊन दारात उभे. काकू चुलीमागं अडकलेल्या. "जरा थांबा," शिरस्तेदार म्हणाले, "शेपूट अजून मडक्यामागं आहे, लांबी पुरी होत नाही." काकू म्हणाल्या, "तुमची नोंद होऊ दे निवांत, मग मी मरते." नाग बिचारा कंटाळून मोरीतून निघून गेला. त्याची लांबी 'अंदाजे' अशी लिहावी लागली. अंदाजे हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटे.

आमच्या मंडळीचं नाव 'सृष्टिपदार्थ-संरक्षक मंडळी'. अध्यक्ष शिरस्तेदार. चिटणीस शिरस्तेदार. सभासद मी आणि एक वैद्यबुवा. वैद्यबुवा दुर्मीळ वनस्पती समूळ उपटून घरी नेत आणि तिथं खलात कुटून त्यांचं रक्षण करत. काकूंना सभासद केलेलं होतं, हे काकूंना तीन वर्षांनी कळलं.

मंडळीचं काम मोठं जोरात चाले. रानात कुणी तितरांसाठी फासे लावले की शिरस्तेदार ते जप्त करत आणि फाशाच्या जागी रीतसर पावती ठेवून येत. ज्याचे फासे गेले तो ती पावती घेऊन वाचून घ्यायला घरी येई, आणि काकू मागच्या दारानं त्याचे फासे त्याला परत देत, वर ताकही देत. झाडांना आम्ही नोटिसा चिकटवत असू: 'या झाडावर वस्तीस असलेल्या मंडळीस उपद्रव देऊ नये.' मोडीत लिहिलेल्या. खळ तांदळाची असल्यामुळं शेळ्या त्या आवडीनं खात. दफ्तरात नोंद: 'नोटीस बजावली. शेळीने स्वीकारली.'

मी या मंडळीत कसा शिरलो, तेही सांगतो. मी तेव्हा कर्जत स्टेशनावर तारमास्तर होतो. रात्रपाळीनंतर झोप येईना, म्हणून पाखरांचे आवाज लिहून काढायचा नाद लागला. पहिल्याच सभेत मी 'पहाटे चारला डोंगराकडून ओरडणारा अज्ञात पक्षी' यावर निबंध वाचला. आवाज लांब, कातर, शेवटी दोनदा उचकी. शिरस्तेदार भारावले. पुढच्या पंधरवड्यात दोघांनी मिळून ओस पडलेल्या टेकडीवर त्याचा शोध घेतला. तो पक्षी म्हणजे घाट चढायला मालगाडीला मागून जोडतात त्या इंजिनाचा ब्रेक निघाला. मी रेल्वेचा नोकर. ते इंजिन रोज माझ्याच तारेवर सुटत असे. शिरस्तेदारांनी ती नोंद खोडली, आणि मला विचारलं, "स्टेशनावर असले आणखी पक्षी पाळता का तुम्ही?"

आणखी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण पुढं ती अंगाशी येणार आहे. मी त्या काळात कडक सुधारक होतो. वर्तमानपत्रं येत, त्यातले स्त्रियांच्या उन्नतीचे लेख मी तोंडपाठ करी. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. बायको पेणला माझ्या आईच्या हाताखाली होती. ती माझ्या धाकट्या भावाकडून पत्र लिहवून घेई की कर्जतला बिऱ्हाड कधी करायचं. उत्तरादाखल मी तिला त्या लेखांची कात्रणं पाठवीत असे.

तर आता बेहडा.

पळसदरीच्या वरच्या अंगाला, चढावर, एक जुनाट बेहडा होता. चार माणसांच्या कवेत न मावणारा, मधून पोकळ. त्याच्या ढोलीत दरसाल धनेशाचं जोडपं घर करी. घारीएवढा राखी पक्षी, मोठी वाकडी चोच, उडताना असा खाली-वर हेलकावतो की वाटावं, कुणी घाईत विसरलेलं आठवून परत फिरतोय. शिरस्तेदारांच्या हजेरीपटात पहिलं नाव धनेशाचं. तो बेहडा म्हणजे त्यांची कचेरी, देऊळ आणि पेन्शन, तिन्ही होतं. घरात तक्रार झाली की ते तिथं जाऊन बसत, आणि घरात तक्रार रोज होई.

त्या सालच्या शिमग्यानंतर लाकडाच्या ठेकेदारानं त्या चढावरची झाडं घेतली. तोडायच्या झाडांच्या बुंध्यावर साल तासून शिक्का मारतात, तो बेहड्यावरही बसला. शिरस्तेदार दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहायला घेतला. चौदा पानं.

तो अर्ज मी पुढं वाचला, म्हणून त्याचा सारांश देता येतो. ज्या घरात बाळंतीण असेल त्या घरावर जप्ती नेत नाहीत, हा सर्व कचेऱ्यांचा चालत आलेला शिरस्ता आहे. धनेशाची मादी अंडी घालायच्या आधी ढोलीत शिरते, आतून चिखल-विष्ठेनं दार लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते. आत तिची पंखांची पिसं झडून जातात. पिल्लं वाढेपर्यंत ती बाहेर येत नाही, आणि नवरा बाहेरून उंबर-पिंपळाची फळं आणून भरवतो. सबब, ती बाळंतीण. सबब, झाड हे घर. सबब, घरावर कुऱ्हाड नेता येत नाही.

हा अर्ज त्यांनी मंडळीच्या सभेत वाचून दाखवला. मी रात्रपाळी करून आलेलो. पहिल्या पानावर बेहड्याचं नाव येतं न येतं तोच माझा डोळा लागला. मध्ये एकदा दचकून जागा झालो तेव्हा शिरस्तेदार वाचत होते: "...ती अबला भिंतीआड असून, पंख झडलेले, नवरा फटीतून देईल त्यावर तिचा निर्वाह..." बस्स. एवढंच माझ्या कानात पडलं. मी ताडकन उठून "धिक्कार!" म्हणालो. वैद्यबुवाही दचकले. शिरस्तेदारांना वाटलं, धिक्कार ठेकेदाराचा. त्यांनी माझी सही घेतली आणि मी पुन्हा झोपलो.

अर्ज जंगलच्या साहेबाकडे गेला. साहेब म्हणे इतका हसला की त्याला पाणी आणून द्यावं लागलं. पण माणूस बरा असावा. त्यानं शेरा मारला: 'झाडात अशी बाई खरोखर आहे काय, याचा पंचनामा व्हावा. असल्यास ती बाहेर पडेतो तोड थांबवावी. ती बाहेर पडल्याचे शिरस्तेदार यांनी कळवावे.' सोमवारी सकाळी खालापूरहून कारकून येणार असं ठरलं. कारकुनाला बाई दिसली नाही, तर ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन तिथंच उभी असणार होती.

यातलं मला काही ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात जोडीचा तारमास्तर तापानं पडल्यामुळं माझ्या दोन पाळ्या लागल्या होत्या. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं: एक स्त्री भिंतीत कोंडलेली आहे आणि आमची मंडळी अर्ज लिहीत बसली आहे.

रविवारी सकाळी मी रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगवाल्याकडून मोठा पाना मागून घेतला आणि बेहडा गाठला. वर पाहतो तो सगळं शब्दाला शब्द खरं. नवरा आला, फटीला लटकला, घशातून एकेक फळ काढून आत दिलं, आणि ऐटीत निघून गेला. तुरुंगात भाकरी सरकवतात तसं. माझं रक्त तापलं. खाली कुणी नाही असं पाहून मी मोठ्यानं म्हणालो, "भगिनी, धीर धर!" खाली एक म्हैस होती. म्हशीच्या पलीकडे गोमाबाई बसली होती, हे मला नंतर कळलं.

समोरून फटीपर्यंत हात पोचेना. मागच्या बाजूनं खोड कुजलेलं होतं, तिथं एका फांदीवर उभं राहून मी पाना चालवला. दोन विती रुंदीची एक फळीच सुटून हातात आली. आत अंधार, घाण वास, आणि एक डोळा. भगिनीनं माझ्याकडे पाहिलं ते कृतज्ञतेनं नव्हे, हे मला त्या क्षणीही जाणवलं होतं. पण मी त्याचा अर्थ 'दीर्घ कैदेमुळे स्वभाव बिघडला आहे' असा लावला. तिला ओढून बाहेर काढलं. पंखांना पिसंच नाहीत! नराधमानं पिसंसुद्धा उपटली होती. मी तिला उपरण्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि तीन मैल चालत थेट शिरस्तेदारांच्या ओटीवर आणलं.

ओटीवर उद्याची तयारी चालली होती. शिरस्तेदार पागोटं झटकत होते. मी उपरणं उघडलं आणि भाषण केलं. चांगलं झालं ते भाषण. 'पुरुषजातीचा हा कलंक पक्ष्यांतही' असं एक वाक्य मला अजून आठवतं. शिरस्तेदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग दौतीचं झाकण बंद केलं. त्यांना दौत बंद करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. भिंतीला टेकून ते खाली बसले ते असे, की मला वाटलं यांना काही झालं.

काकूंनी विचारलं, "आत अंडी होती का रे?"

मी म्हणालो, "ते पाहिलं नाही."

"पाहिलं नाही," काकू म्हणाल्या. "बरं. गोमा येतेय दूध घेऊन, तिला विचारू."

गोमाबाई बेहड्याच्याच अंगाच्या वाडीत राहणारी कुणब्याची बाई. रोज दूध घालायला येई. ती आली, तिनं उपरण्यात पाहिलं, आणि दुधाची कासंडी खाली ठेवली.

"आवं मास्तर, बाळंतिणीला खोलीतनं भाईर काढली तुमी?"

"ती कोंडलेली होती," मी म्हणालो. पण आवाज आता भाषणातला राहिला नव्हता.

"तिची तिनंच कोंडून घेतली हाय. मला वाटलं तुमी मध काढाया चढला. 'भगिनी' कुणाला म्हणत व्हता मंग? माझी म्हस दचाकली ना! आता सांजंला पान्हा सोडंल का ती?"

काकूंनी सगळा प्रकार मला चार वाक्यांत समजावला. शिरस्ता, साहेबाचा शेरा, कारकून, कुऱ्हाडी. चौदा पानांचं काम काकूंनी चार वाक्यांत केलं. मला जमीन दुभंगायला हवी होती. ती दुभंगली नाही, आणि पक्षिणीनं तेवढ्यात काकूंच्या पाटावर आपलं मत दिलं.

"आजच्या आज परत घाला तिला," गोमाबाई म्हणाली. "अंडी थंड झाली की ती बी काय करंल? ऊन हाय तवर चला. आन शिरस्तेदार, तुमी असं 'आगं बाय' करून बसू नका. उठा."

तिसऱ्या प्रहरी आम्ही सगळे बेहड्यापाशी. नवरा वरच्या फांदीवर चोच उघडी टाकून बसलेला. चोचीत उंबर तसंच. इतका वेळ ते त्यानं गिळलं नव्हतं. त्याच्याकडे मला बघवेना. मी मागून वर चढलो. ढोलीत तीन अंडी होती आणि ती अजून कोमट होती, कारण चैत्राचं ऊन त्या दिवशी आमच्या बाजूनं होतं. पक्षिणीला आत सोडलं. ती गेली. मी फळी जागेवर बसवली, वरून काथ्याचा दोर झाडाला गुंडाळून आवळला, फटी शेणमातीनं लिंपल्या. गोमाबाई खालून सांगत होती, "हळू रं, घर हाय ते, गाडीचा डबा नाय!" मी तेव्हा तिच्या लेखी 'तुमी'वरून 'रं'वर आलो होतो, आणि ते बरोबरच होतं.

सोमवारी सकाळी शिरस्तेदार कारकुनाच्या आधी पोचले. झाडाला प्रदक्षिणा घातली. दोरापाशी थांबले.

"हे काय?"

"दोर," मी म्हणालो. "फळी सुटू नये म्हणून."

"पंचनाम्यात झाड दोराने बांधलेलं आढळलं असं येणार. कारकून विचारील, बाई राहते आहे की डांबून ठेवली आहे?"

दोर सोडला. फळी लगेच हलू लागली, कारण आतून ती चोचीनं ढकलत होती. कालचा अनुभव तिला विसरता येत नव्हता. शिरस्तेदारांनी माझ्याकडे पाहिलं. दोराच्या जागी माझी नेमणूक झाली.

मी मागच्या फांदीवर उभा, दोन्ही तळवे फळीवर दाबलेले, समोरून पाहणाऱ्याला दिसणार नाही असा. खालून आवाज ऐकू येत होते. कारकून आला. पाच पंच आले. ठेकेदार आला, त्याची चार माणसं आली, कुऱ्हाडी जमिनीवर टेकवल्याचा आवाज आला.

"कुठाय बाई?" ठेकेदारानं विचारलं. "दाखवा की. मीही नमस्कार करतो."

"फटीकडे पाहावं," शिरस्तेदार म्हणाले.

"फट दिसते. बाई दिसत नाही," कारकून म्हणाला.

खरंच दिसत नव्हती, कारण बाईचं तोंड त्या वेळी माझ्याकडे होतं. फळीच्या कडेला बोटभर फट राहिली होती आणि त्या फटीत माझं बोट होतं. तिनं ते पाहिलं. आधी नुसतं चाचपलं. मग कात्रीत धरल्यासारखं धरलं आणि पिळलं.

ओरडायचं नाही हे मी ठरवलेलं होतं. ओरडलो नाहीच. कण्हलो.

खाली कुणीतरी दोन पावलं झाडाजवळ आलं.

"काय आवाज आला?" कारकून.

मी पुन्हा कण्हलो, कारण तिनं पुन्हा पिळलं.

"आतून येतोय," एक पंच म्हणाला. "कण्हतेय बिचारी."

"हा पक्ष्याचा आवाज नाही!" ठेकेदार ओरडला. "माणसासारखा आहे. पुरुषासारखा!"

"मंग काय बाळंतिणी कोकिळेवानी गात्यात?" गोमाबाईचा आवाज. "तुमची आई गात व्हती का?"

पंच हसले. ठेकेदार म्हणाला, "मी मागच्या बाजूनं जाऊन बघतो." त्याची पावलं वळली. झाडावरच्या मुंग्या तर केव्हाच माझ्या धोतरातून गुडघ्यापर्यंत आल्या होत्या. शिरस्तेदार काही तरी म्हणतील, निदान त्याला अडवतील, असं मला वाटत होतं. पण त्यांचा आवाज नाही. खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायचं तर झाड जात होतं. मी जेव्हा जेव्हा त्यांची आठवण काढतो, तेव्हा हीच आठवते: झाडाच्या मागं राहून मला न दिसलेला, गप्प उभा असलेला तो माणूस.

"खबरदार!" गोमाबाई म्हणाली. "बाळंतिणीच्या मागल्या दारानं परका बाप्या जातो व्हय? तुमच्या गावात अशी रीत हाय? आमच्यात नाय."

ठेकेदार थांबला. पाच पंचांसमोर परका बाप्या व्हायची कुणाचीच तयारी नसते. आणि तेवढ्यात नवरा आला. पंखांचा तो मोठा फसफसणारा आवाज माझ्या डोक्यावरून गेला. तो समोरच्या फटीला लटकला, त्यानं चोचीनं खोडावर ठकठक केलं. माझं बोट सुटलं. आत ती वळली. खालून पंचांचा 'अहा' ऐकू आला, त्यावरून मला कळलं की चोच बाहेर आली. एक उंबर. दोन. तीन. कारकून मोठ्यानं मोजत होता. सातव्या उंबराला तो हळूच म्हणाला, "आमच्याकडेही गेल्याच महिन्यात झाली. इतकं मी काही दिलं नाही."

पंचनाम्याची नक्कल माझ्यापाशी आहे. 'झाडाचे पोटी एक पक्षीण वस्तीस असल्याची खात्री झाली. नवरा हजर असून आहार देत होता. वागणूक समाधानकारक. आतून वेळोवेळी कण्हण्याचा आवाज येत होता. तो काहीसा पुरुषी वाटला. परंतु पंचांपैकी कोणीही यापूर्वी या जातीचे बाळंतपण पाहिलेले नसल्याने हरकत घेतली नाही.'

कुऱ्हाडी परत गेल्या. पुढं दोन दिवस फळीला पुन्हा दोर बांधावा लागला; मग तिनं आतून तिच्या पद्धतीनं सगळ्या फटी अशा लिंपल्या की दोराची गरज उरली नाही. माझ्या गिलाव्यावर तिनं आपला गिलावा चढवला. मी कसलेला गवंडी नव्हतो, हे तिनं नोंदवलं, म्हणायचं.

शिरस्तेदारही नोंदवायला विसरले नाहीत. त्यांच्या दफ्तरात उपद्रवी प्राण्यांची एक यादी होती. दुसऱ्या रविवारी मी चोरून पाहिली. मुंगूस आणि रानडुक्कर यांच्या मधल्या कोऱ्या ओळीत माझं नाव घातलेलं होतं, हुद्द्यासकट.

दोन महिन्यांनी, ज्येष्ठ लागायच्या सुमाराला, फट रुंद झालेली दिसली आणि शिरस्तेदारांच्या डोक्यात बारसं आलं. बाळंतपण सरकारदरबारी नोंदलं गेलं, तर बारसं व्हायलाच हवं. घुगऱ्या हव्यात. पाळणा म्हणायला सुवासिनी हव्यात. काकू एक, गोमाबाई दोन. "तिसरी?" शिरस्तेदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुमचं कुटुंब पेणला आहे ना? आणा. मंडळीचा ठराव समजा."

अशा रीतीनं, चार वर्षांच्या पत्रांनी जे झालं नाही ते एका धनेशाच्या बारशापायी झालं. मी बैलगाडी करून बायकोला कर्जतला आणलं.

बारशाच्या दिवशी आम्ही सगळे बेहड्याखाली. काकूंनी पाळणा सुरू केला, गोमाबाईनं चाल बिघडवली, आणि मधेच वरून माती पडली. पक्षीण बाहेर आली. फांदीवर बसली. दोन्ही पंख उघडून पाहिले. सगळी पिसं जागच्या जागी, नवी, ओलसर चमकणारी. मग ती उडाली, तसंच खाली-वर हेलकावत, आणि नवरा मागून. ढोलीत पिल्लांचा कलकलाट चालू होता.

शिरस्तेदारांनी दफ्तर उघडलं. टाक दौतीत बुडवला. 'ती बाहेर पडल्याचे शिरस्तेदार यांनी कळवावे' हा शेरा आम्हाला सगळ्यांना पाठ होता. आम्ही त्यांच्या हाताकडे पाहत होतो. टाक कागदावर बराच वेळ थांबला. शाईचा एक ठिपका पडला. मग त्यांनी टाक पुसला आणि दौतीचं झाकण लावलं. मरेपर्यंत नागाची लांबी, शेळीची गैरहजेरी, खंड्याच्या रजा सगळं नोंदवणाऱ्या त्या माणसानं आयुष्यात एवढी एकच गोष्ट ना नोंदवली, ना कुणाला कळवली. ठेकेदार वाट पाहून दुसरीकडं गेला. सरकारी दफ्तराप्रमाणे ती बाई अजून आत आहे. बेहडाही आहे.

घुगऱ्या वाटताना काकूंनी माझ्या बायकोला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली. भाषण, भगिनी, पाना, फळी, काहीही गाळलं नाही. सांगून झाल्यावर माझा हात धरून बोटावरची खूणही दाखवली. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची तेव्हा रीत नव्हती. बायकोनं पदर सावरून बोट नीट उलटसुलट पाहिलं, आणि काकूंना म्हणाली,

"एकच? बाकीची नऊ कशी सोडली हो तिनं?"